टाचेतला दोरा

वार कोणता होता ते आता आठवत नाही. पंढरीच्या वाटेवर रायमोहा मागं पडलं होतं, पाटोदा अजून यायचं होतं आणि माझी उजवी टाच पेटली होती. पैठणहून निघताना गोदाकाठी भरून आलेलं आभाळ चार दिवसांत कोरडं ठणठणीत झालं होतं. बालाघाटाचा चढ, तापलेलं डांबर, पुढं पखवाज, मागं पाण्याचा टँकर आणि सगळ्यावरून 'भानुदास एकनाथ, भानुदास एकनाथ'. या नामाच्या ठेक्यावर पाय आपसूक पडतो म्हणतात. माझा पडत नव्हता. दर 'नाथ'ला टाचेत सुरी फिरत होती, आणि खरं सांगते, त्या घटकेला मला टाळाचा आवाजसुद्धा सोसवत नव्हता.

मी जालन्याची, चर्चमध्ये वाढलेली. वडील पाळक होते. आमचं मूळ घर बेथेलचं, म्हणजे रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेल्या ख्रिस्ती वस्तीतलं. शेषाद्री जन्मानं ब्राह्मण, १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले. त्यांच्याभोवती जमलेली कितीतरी माणसं मांगवाड्यातली. आमचे पणजोबा त्यांतलेच. आजी सांगायची, तिच्या सासूला गावात पाणी मिळायचं ते ओंजळीत, वरून. तांब्याला हात लागू नये म्हणून ओंजळ खाली धरायची, आणि निम्मं पाणी कोपरावरून गळून जायचं.

शेजारच्या काकू दरवर्षी एकनाथांच्या, म्हणजे नाथांच्या, पालखीबरोबर पंढरपूरला जातात. यंदा मी येते म्हटलं. चर्चमधल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, "दुसरा देव नको, ही पहिली आज्ञा विसरलीस का?" दिंडीतल्या एका बुवांनी विचारलं, "बाई, प्रचाराला तर नाही ना आलात?" दोन्ही प्रश्नांनी मी दुखावले. दुसऱ्या प्रश्नामागं आमचाही इतिहास आहे, हे कळत असूनही दुखावले. मग माझं मीच ठरवलं: माळ घालणार नाही, बुक्का लावून घेणार नाही, कुणी पुढं आलं तर हात जोडून बाजूला होईन. पण टाळ धरीन, अभंग म्हणेन. म्हणताना मनात कोण असेल, ते माझं मी देवाशी बोलून घेईन.

तर ती दुपार. मी रांगेतून बाहेर पडले आणि रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली मटकन बसले. काकू पुढं निघून गेल्या होत्या. चप्पल काढली तर टाचेवर सुपारीएवढा फोड, पाण्यानं तट्ट भरलेला. एक म्हातारी रांग सोडून माझ्याकडं आली. आमच्या दिंडीतली नव्हती. नंतर कळलं, मानवतकडची. डोक्यावरचं तुळशीवृंदावन तिनं बरोबरच्या बाईकडं दिलं आणि कमरेची पिशवी सोडत खाली बसली.

"दुखायलंय का माय?"

"हो आजी."

"नव्या चपला घालून आलीस व्हय?"

नव्याच होत्या. तिनं माझा पाय ओढून मांडीवर घेतला. मी मागं घेऊ लागले. पायाला डांबर होतं, शेण होतं, दोन दिवसांत नीट धुतलेलाही नव्हता. तिनं नडगीवर हलकी चापट मारली. "गप बस."

पिशवीतून सुई निघाली, पांढरा दोरा ओवलेली. काडी ओढून तिनं सुईचं टोक जाळावर धरलं, लुगड्याला पुसलं आणि फोडाच्या एका कडेनं आत घालून दुसऱ्या कडेनं बाहेर काढली. दुखलं नाही. दोऱ्याची दोन्ही टोकं बोटभर बाहेर ठेवून तिनं तो तोडला. पाणी दोऱ्यावरून थेंब थेंब गळायला लागलं, तिच्या लुगड्यावरच. तिनं ते पदरानं टिपलं.

"कातडं वढू नगं. दोरा ऱ्हाऊ दे तसाच. पानी त्याच्यावाटं निघून जातंय, अन् फोड बसतो."

मग खोबरेलाचं बोट लावलं, जुन्या धोतराची चिंधी फाडली. बांधता बांधता म्हणाली, "कुन्या गावची?"

"जालना."

"माळ न्हाई गळ्यात?"

इथं खोटं बोलता आलं असतं. "आजी, मी ख्रिस्ती आहे. येशूची."

तिचे हात थांबले नाहीत. गाठ मारून झाल्यावर तिनं वर पाहिलं. "मंग येशूचं नाव घे की चालताना. त्यो बी माउलीच. आपल्या पांडुरंगाचंच रूप म्हनायचं."

ऐकून मला भरून आलं, आणि त्याच वेळी आतून काहीतरी ताठ झालं. पत्रद्वारे धर्मशास्त्र शिकताना मी कार्ल राहनर या जर्मन येशूसंघीयाचं, म्हणजे जेझुइट धर्मगुरूचं, मत अभ्यासलं होतं: ख्रिस्ताचं नावही न ऐकलेला माणूस जर देवाच्या कृपेला मनापासून होकार देत जगत असेल, तर तो 'अनामिक ख्रिस्ती'च. १९६५ मध्ये रोमन कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंही जाहीर केलं की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. शतकानुशतकं लावून घेतलेलं दार त्या वाक्यानं उघडलं, आणि मी प्रॉटेस्टंट घरातली असूनही मला त्याचं मोल वाटतं. राहनर मला फार उदार वाटायचा. आणि आज कडुनिंबाखाली या आजीनं मला न विचारता अनामिक वारकरीण करून टाकलं होतं. दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात आपल्याला प्रेमानं जागा करून देतात तेव्हा कसं वाटतं, ते मला पहिल्यांदा कळलं. माझा येशू कुणाचं रूप नाही, असं अगदी ओठावर आलं होतं. तो नासरेथचा आहे, पंतय पिलाताच्या अमलात वधस्तंभावर मेलेला आहे. तसाच आजीचा विठोबा म्हणजे वेष पालटलेला ख्रिस्त नव्हे. तो विटेवरचा आहे, पुंडलिकासाठी थांबलेला आहे.

बोलले नाही. माझा पाय अजून तिच्या मांडीवर होता.

त्या दिवसापासून बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय डोक्यातून जाईना. येशू सत्तर जणांना गावोगाव पाठवतो तेव्हा सांगतो, पिशवी घेऊ नका, वहाणा घेऊ नका, आणि पुढं वाढतील ते खा. यावर वडिलांची प्रवचनं ऐकत वाढले, पुढं संडे स्कूलमध्ये मीही शिकवलं, आणि दर वेळी अर्थ सांगितला तो साधेपणानं राहण्याचा. तो अपुरा होता. येशू आपल्या माणसांना परक्याच्या दारात भुकेलं आणि अनवाणी पाठवतोय. आम्ही मिशनची माणसं देत आलो. शाळा दिल्या, दवाखाने दिले, दुष्काळात धान्य दिलं. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी सोडणार नाही. पण घ्यायला आम्ही शिकलो नाही. ज्यांच्या हातचा घोटभर चहा कधी मागून घेतला नाही, त्यांच्या श्रद्धेबद्दल आम्ही ग्रंथ लिहिले. त्या पाटोद्याच्या रस्त्यावर माझ्याकडं देण्यासारखं काहीच नव्हतं. टाच होती आणि फोड होता.

पुढचे दिवस एकमेकांत मिसळून गेले आहेत. खर्डा आलं, १७९५ च्या लढाईचा किल्ला लांबून दिसला. रिंगण पाहिलं, धुळीत घोडा दिसला आणि गेला. परांडा. पिठलं-भाकरी. पहाटे तीनला उठायचं, कारण उजाडल्यावर बायकांना आडोसा मिळत नाही, आणि याबद्दल कुणीच मोठ्यानं बोलत नाही. रात्री अकरापर्यंत लाऊडस्पीकर. मला झोप हवी होती, भक्ती नको होती. आणि अशाच एका रात्री, डोक्यावर उशी दाबून पडलेली असताना, एक म्हातारा वाद्याशिवाय नाथांचा अभंग म्हणायला लागला आणि मी उशी काढून ठेवली.

एका मुक्कामी कीर्तनकारांनी नाथांचा हिंदू-तुर्क संवाद घेतला. हे भारूड मी वाचलं होतं, ऐकलं नव्हतं. दोघं एकमेकांच्या देवाची आणि ग्रंथांची सालटी काढतात, अगदी वर्मावर बोट ठेवून, आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. एकानं दुसऱ्याला आपल्यात ओढून घेतलं, असं होत नाही. नाथांना हे सुचलं यात नवल नाही. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीवर निजामशाहीची किल्लेदारी करत होते. दुसरा धर्म त्यांच्या रोजच्या कचेरीत बसलेला होता. धर्मांमधल्या संवादाबद्दल बोलायला आम्ही चर्चच्या परदेशी केंद्रांकडं, रोम आणि जिनिव्हाकडं बघतो. पैठण जालन्याहून किती जवळ आहे!

मला थॉमस स्टीफन्सची आठवण झाली. हा इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात उतरला तेव्हा नाथ पैठणात होते. १५९९ पर्यंत होते. म्हणजे वीस वर्षं दोघं एकाच मराठीच्या दोन टोकांना राहिले. नाथ ओवीत भागवत सांगून गेले, आणि स्टीफन्सनं पुढं १६१६ मध्ये ओवीतच ख्रिस्तपुराण छापलं, मराठीवर जीव ओवाळून. आणि त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, चालू होतं. ती ओवी माझी आहे, तर तो छळही माझ्याच घरातला. एक घेऊन दुसरं टाकता येत नाही.

नाथांशीही माझं एक भांडण आहे. गोदेच्या तापल्या वाळवंटात रडणारं महाराचं पोर त्यांनी कडेवर घेतलं, हे प्रत्येक कीर्तनात येतं आणि दर वेळी डोळे भरतात. पण ते पोर घरी पोचल्यावर त्याचं पुढं काय झालं, हे कुणी सांगत नाही. आमची माणसं त्या पोराच्या बाजूची. आमच्या चर्चमध्येही सोयरीक जुळवताना जुनी जात हळूच विचारली जाते, म्हणून हे बोलताना जीभ जड होते.

अरणला सावतोबांच्या समाधीपाशी काकू आणि मी पुन्हा बरोबर चालू लागलो. दोरा कधीतरी वाटेतच गळून पडला होता, फोड बसला होता.

पंढरीत मी दर्शनबारीत गेले नाही. काकू गेल्या. मी महाद्वारी चोखोबांच्या समाधीजवळ थांबले. यासाठीच मी आले होते, हे मला बहुधा पैठणपासून माहीत असावं. चोखोबा आयुष्यभर या दाराच्या बाहेर उभे राहिले. दार उघडलं ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ च्या मे महिन्यात. तोवर माझ्या आजीचं लग्न होऊन गेलं होतं. इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात येशूनं कुठं दुःख सोसलं ते सांगितलंय. मराठी बायबलात तिथला शब्द आहे 'वेशीबाहेर'. ग्रीकमध्ये नुसतं दार असेल. पण आमच्याकडं वेशीबाहेर कोण राहतं, हे सांगावं लागत नाही. आणि लगेच पुढं म्हटलंय, आपणही बाहेर त्याच्याकडं जाऊ या. बाहेर.

गर्दी रेटत होती. स्वयंसेवक "चला, चला पुढं" म्हणून ओरडत होता. मी डोळे मिटून हळू आवाजात 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हटलं, शेवटपर्यंत. शेजारी एक बाई हात जोडून ऐकत होती. मी आमेन म्हटलं, ती "पांडुरंग हरी" म्हणाली. मग माझ्या हातातल्या बाटलीकडं बघून म्हणाली, "पानी हाय का ताई थोडं?"

दोन घोटच होते. तिनं बाटलीला तोंड लावून एक घोट घेतला आणि उरलेला मला परत दिला.