कसाऱ्याचं कॅच सायडिंग, ठाण्याच्या फ्लॅटमध्ये

कसारा लोकल कसाऱ्यालाच संपते. पुढचा थळ घाट पाहायचा तर ठाण्याहून नाशिककडची मेल धरावी लागते. १८६५ साली सुरू झालेल्या या घाटाचा चढ १:३७ आहे. चढणाऱ्या गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं सगळ्यांना ठाऊक असतात. उतरणीच्या मार्गाला फुटणारा रूळ मात्र फारसा कुणाच्या नजरेत भरत नाही. तो डोंगराच्या अंगावर चढतो आणि तिथेच संपतो. हेच कॅच सायडिंग. ब्रेक निकामी झालेली गाडी त्यावर चढते, तिचा वेग मरतो आणि खालचं स्टेशन वाचतं.

घरात रेल्वेचं मॉडेल उभारणारे हा रूळ हौसेने घालतात आणि पॉइंट, म्हणजे गाडीचा रूळ बदलणारा सांधा, कायम मुख्य मार्गाकडे लावून ठेवतात. घाटात नेमकं उलट असतं. पॉइंट एरवी सायडिंगकडेच असतो. गाडीने आधी पूर्ण थांबायचं, ती ताब्यात आहे हे दाखवायचं, मगच मुख्य मार्ग मिळतो. लेआउटवर, म्हणजे मॉडेलच्या मांडणीत, गाडी थांबत नसेल तर तो रूळ काम अर्धवट राहिल्यासारखा दिसतो, दुसरं काही नाही.

आधी उतार. ९ मिमी वॉटरप्रूफ प्लायच्या पट्टीखाली दर ३० सेंमीला टेकू द्या आणि प्रत्येक टेकू आधीच्यापेक्षा ८ मिमी बुटका ठेवा, म्हणजे १:३७ जमतो. प्लायच्या कडांना वार्निशचे दोन हात हवेतच, नाहीतर जुलैमध्ये पट्टी फुगते आणि मेहनतीने साधलेला उतार पाण्यात जातो. पॉइंट याच सरळ उतारावर बसवा. सायडिंग त्याच्या पुढे वळवायचं. २.७ टक्के उतारावरून ५ टक्के चढावर एकदम गेलात तर डबे जोडणारे कपलर सुटतात आणि इंजिनाचं नाक रुळाला घासतं. म्हणून ४० सेंमीचं खोलगट वळण द्या आणि पुढे १:२० चा एक मीटर. दोन्ही मिळून साधारण ५५ मिमी चढतात. २ मीटर उतारावरून सुटलेला वॅगन ५४ मिमी खाली येतो, म्हणजे घर्षण धरता तो टोकाच्या आतच थांबतो. तरी शेवटच्या १० सेंमीवर वाळू पसरा, घाटातही तशीच असते.

आता थांबण्याची अट. एक आयआर (अवरक्त किरणांचा) सेन्सर लावायचा आणि 'आठ सेकंद झाकला गेला तर पॉइंट फिरव' असं आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाला सांगायचं, हा सुचणारा पहिला उपाय फसतो. बारा डब्यांची मेल एचओमध्ये, म्हणजे १:८७ च्या मापात, तीन मीटरहून जास्त भरते. मालगाडीही लांबच असते. अशी गाडी न थांबता सावकाश गेली तरी सेन्सर आठ सेकंद झाकलेलाच राहतो. म्हणून दोन सेन्सर हवेत. पहिला थांब्याच्या पाटीपाशी, दुसरा त्याच्या २० सेंमी पुढे पण पॉइंटच्या अलीकडे. पहिला झाकल्यावर दहा सेकंदांत दुसरा झाकला गेला तर गाडी थांबलेली नाही. पॉइंट हलवू नका, जाऊ द्या तिला सायडिंगवर. दुसरा मोकळा राहिला तर एसजी-९० सर्व्होने (छोट्या मोटरने) पॉइंट फिरवा. तिसरा सेन्सर मुख्य मार्गावर पॉइंटच्या पलीकडे. तो एकदा झाकून मग सलग तीन सेकंद मोकळा राहिला की पॉइंट परत सायडिंगकडे. घाई केलीत तर शेवटच्या डब्याची पुढची बोगी (चाकांचा संच) एका रुळावर आणि मागची दुसऱ्यावर जाते.

सेन्सर रुळाखाली लावू नका. डब्यांच्या काळ्या पोटावरून किरण नीट परतत नाही. मार्गाच्या एका बाजूला किरण सोडणारा भाग आणि दुसऱ्या बाजूला तो पकडणारा रिसीव्हर, असा ४५ अंशांत तिरका लावा, म्हणजे दोन डब्यांमधली फटही दिसत नाही. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन थेट पडत असेल तर रिसीव्हरवर काळ्या स्ट्रॉचा तुकडा चढवा. सर्व्होला ५ व्होल्टचा वेगळा पुरवठा आणि १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या, नाहीतर तो हलताना व्होल्टेज पडून आर्डुइनो रीसेट होऊ शकतो.

गेजचं दुखणं आहेच. एचओचा रूळ १६.५ मिमी, आणि आपल्या १६७६ मिमीच्या ब्रॉडगेजला १९.३ मिमी लागतो. बाजूने पाहताना ते खपून जातं. रुळाची उंची मात्र खपत नाही. आपला ६० किलोचा रूळ १७२ मिमी उंच असतो, म्हणजे एचओमध्ये २ मिमी. कोड १०० चा रूळ अडीच मिमीचा, तो जाड दिसतो; कोड ७५ घ्या. खडीला बारीक रव्याएवढा दाणा पुरे, ०.७ मिमीपेक्षा मोठा नको.

कातळ करताना सह्याद्री विसरू नका. बेसाल्टचे थर आडवे असतात. प्लॅस्टर ऑफ पॅरिस ओलं असतानाच आडव्या पायऱ्या कोरा. उभ्या चिरा पाडल्या की आल्प्स होतो.

चाचणी इंजिनाने होणार नाही. मॉडेल इंजिनात वर्म गिअर असतो, म्हणजे मोटर चाकं फिरवते पण चाकं मोटरला फिरवू शकत नाहीत; वीज तोडली की ते उतारावरही जागच्या जागी थांबतं. सुटा वॅगन वरून सोडा. तो आपसूक घरंगळत नसेल तर चाकांचे आस साफ करा; रूळ बदलायच्या मागे लागू नका.