तोळा कोणता आणि फॉलिस कोणता?

मंगरूळपीरकडच्या आमच्या गावात आजोबांपासूनचं सोनारकामाचं दुकान आहे. पऱ्हाटीचा पैसा हातात आला की गर्दी, बाकी दुपारी निवांत. या निवांत दुपारी मी वर्षभर रोमची नाणी तोलतोय.

भाचा जर्मनीत नोकरीला आहे. त्यानं तिथल्या दुकानातून पावतीसकट चौदा नाणी आणली, बहुतेक चौथ्या शतकातली, मातीनं माखलेली. म्हणाला, "मामा, यांची नावं काढा." राजाचं नाव नाण्यावरच असतं, ते अक्षरं लावून निघालं. पण आपण चवली, पावली, अधेली म्हणायचो, तसं त्या नाण्याला बाजारात काय म्हणायचे? ते त्यावर कुठंच नाही.

सगळ्यात मोठं नाणं रोमचा सम्राट डायोक्लेशन याचं. त्यानं २९४ च्या सुमारास चलन नव्यानं बांधलं. तांब्याचं हे नाणं साधारण १० ग्रामचं, रोमी रत्तलात ३२ बसतील असं, वरून चांदीचा पातळ मुलामा. संग्राहक त्याला 'फॉलिस' म्हणतात. फॉलिस म्हणजे पिशवी. नाण्यांनी भरलेल्या थैलीलाही तोच शब्द होता, म्हणून हल्ली बरेच अभ्यासक नुसतं 'नुम्मुस' म्हणतात, म्हणजे नाणं.

या नाण्याचं माझ्या हातून नुकसान झालं. राजाच्या दाढीत आणि कानामागे करडी चमक होती. मी सवयीनं चिंचेच्या पाण्यात टाकलं आणि पाचच मिनिटांत ती चमक गेली, खालचं लालसर तांबं उघडं पडलं. सोळाशे वर्षांहून जास्त काळ मातीत टिकलेली चांदी माझ्या वाटीत निघून गेली. अजून रुखरुख वाटते. आता बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर आणतो, नाणी आठ-आठ दिवस भिजू देतो आणि भिंग लावून बाभळीच्या काट्यानं अक्षराच्या कडेनं माती उकरतो. सुईनं ओरखडा उठतो, काट्यानं उठत नाही.

पुढचं कोडं वजनकाट्यावर उलगडलं. नंतरचा सम्राट कॉन्स्टन्टाइन याच्या काळातली दोन नाणी, दोन्हींच्या मागे दोन सैनिक, 'ग्लोरिया एक्सर्चितुस', सैन्याचा गौरव. एकावर सैनिकांच्या मधे दोन निशाणं आहेत, दुसऱ्यावर एकच. पहिलं २.४१ ग्राम भरलं, दुसरं १.५८. साधारण ३३५ नंतर निशाण एक झालं आणि वजनही उतरलं. डायोक्लेशनपासून चाळीस वर्षांत १० ग्रामचं दीड ग्राम झालं, पण विकणारे या सगळ्यांना सरसकट फॉलिसच म्हणतात!

त्याच आठवड्यात शेजारच्या गावची एक ताई सासूची एकदाणी घेऊन आली. सोबत जुनी चिठ्ठी, 'वजन ४ तोळे'. काट्यावर ४६.५ ग्राम भरलं. ताई म्हणाली, "भाऊ, चिठ्ठीत तं चारच तोळे लिवलं हाये, मंग हे साडेचारच्या वर कसं गेलं?" सासूचा तोळा ११.६६ ग्रामचा, ९६ गुंजांचा. आज बाजारात तोळा म्हटलं की १० ग्राम. सोनं तेवढंच, शब्दही तोच, वजन बदललं. तिला समजावता समजावता फॉलिसचा घोळ मलाच नीट कळला.

३४८ च्या सुमारास आलेल्या नाण्यांची तऱ्हा उलटी. त्यांच्यावर 'फेल टेम्प रेपारातिओ' असतं, सुखाचे दिवस परतले असा अर्थ. माझ्याकडच्यावर सैनिक घोड्यावरून पडलेल्या शत्रूला भाला खुपसतोय. घोड्याची मान मोडल्यासारखी वाकलीय, स्वाराचा एक हात मागं वर उठलाय. त्या काळच्या कायद्यांत 'मायोरीना' आणि 'सेंतेनिओनालिस' अशी नावं येतात. पण कायद्यात चित्र नसतं, आणि कोणतं नाव कोणत्या नाण्याचं यावर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही. म्हणून व्यासाच्या मापाची सोय आहे ('एई' म्हणजे तांब्याचं नाणं): २५ मिलिमीटरच्या वर एई-१, २१ ते २५ एई-२, १७ ते २१ एई-३, त्याखाली एई-४. आयटीआयच्या पोरानं दिलेल्या व्हर्नियरनं मोजलं, घोडेस्वाराचं नाणं १८ भरलं. एई-३. कुणाला रुक्ष वाटेल, मला हेच प्रामाणिक वाटतं. ठामपणे 'सेंतेनिओनालिस' लिहून विकणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

सोन्याचं मात्र स्पष्ट आहे. कॉन्स्टन्टाइनचं सोन्याचं नाणं सॉलिडस, रत्तलात ७२, म्हणजे साडेचार ग्रामच्या आसपास, आणि त्याचे भाग २४ सिलिक्वा. सिलिक्वा म्हणजे कॅरोबच्या झाडाचं बी, जशी आपली गुंज. ग्रीकमध्ये त्याच वजनाला 'केरातिओन', त्यावरून कॅरेट. दिवसातून दहा वेळा मी २२ कॅरेट, २४ कॅरेट म्हणतो. हे वाचलं त्या दिवशी आजोबांच्या पेटीतल्या गुंजा काढून कितीतरी वेळ तळहातावर घेऊन बसलो.

तांब्याच्या नाण्यावर किंमत ठळकपणे आली ती सम्राट अनास्तासियसच्या वेळी, ४९८ मध्ये. मोठा 'एम' म्हणजे ४० नुम्मी, 'के' म्हणजे २०. तसलं एक भाच्याला आणायला सांगितलंय.

तोवर चौदा पाकिटं तयार आहेत. वजन, व्यास, राजा, टांकसाळ, मागचं चित्र, सगळं शाईनं लिहिलंय. नावाच्या रकान्यात बारा ठिकाणी पेन्सिल आहे, दोन कोरे.