तुम्ही विचारलंत म्हणून: ती भन्नाट कन्सेप्ट डिझाइन्स बाजारात का येत नाहीत?

मी पुण्यात प्रॉडक्ट डिझाइन शिकवते, त्यामुळे नातेवाईक म्हणा, सोसायटीतले म्हणा, मुलांचे पालक म्हणा, सगळे मला एकच प्रश्न विचारतात. खिडकीच्या काचेला चिकटणारं सॉकेट, मगाला लावायची शेगडी, रिठ्यावर चालणारं वॉशिंग मशीन, असा कसला तरी कन्सेप्टचा, म्हणजे अजून फक्त चित्रात असलेल्या वस्तूचा, फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, मॅडम हे कधी येणार? मग वर्ष-दोन वर्षांनी तेच म्हणतात, आलं नाही ना, म्हणजे नुसती चित्रंच ती. प्रश्न रास्त आहे आणि एका ओळीत उत्तर देऊन भागत नाही, म्हणून एकदा नीट लिहिते.

त्या सॉकेटपासूनच सुरुवात करू, कारण ते सगळ्यात जास्त वेळा माझ्याकडे आलंय. क्युहो सॉंग आणि बोआ ओ या कोरियन डिझायनरांची ही कन्सेप्ट, साधारण २०१३ मधली. एका बाजूला छोटं सोलर पॅनल आणि काचेला चिकटायला सक्शन, दुसऱ्या बाजूला प्लग घालायला दोन भोकं, बास. दिसायला इतकं सुंदर की बघता क्षणी हवंसं वाटतं. आता हिशोब करा. आत बॅटरी १००० एमएएचची, पूर्ण भरायला पाच ते आठ तास ऊन लागणार. एवढ्या बॅटरीत वीज मावते साधारण पावणेचार वॉट-तास. सिलिंग फॅन ७० वॉटचा धरला तर तीन मिनिटं फिरेल, आणि तुमचा ५००० एमएएचचा फोन, काहीही वाया गेलं नाही असं धरून, पाचवा हिस्सा चार्ज होईल. आपल्या डोक्यात सॉकेट म्हणजे काहीही लावा, चालतं, हे इतकं पक्कं बसलंय की चित्र बघताना हा हिशोब सुचतच नाही. तळहाताएवढ्या पॅनलवर पडतंच किती ऊन, आणि तेही काचेतून गाळून आलेलं.

पण म्हणून ती टाकाऊ आहे का? मला नाही वाटत. वीज भिंतीतूनच का घ्यायची, खिडकीतून का नाही, हे तिने एका नजरेत पटवून दिलं, आणि ते कळायला कोणाला मॅन्युअल वाचायला लागलं नाही. काचेला चिकटणारे छोटे सोलर चार्जर आता मिळतात, फक्त त्यांना भिंतीतल्या सॉकेटचं तोंड नसतं, यूएसबी असतं, म्हणजे जेवढं झेपेल तेवढंच मागायची सोय.

दुसरी माझी फार आवडती, आणि ती आपल्या एनआयडीच्या, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या, विद्यार्थ्याची आहे. इलेक्ट्रोलक्स ही स्वीडिश कंपनी २००३ पासून २०१५ पर्यंत विद्यार्थ्यांसाठी डिझाइन लॅब नावाची स्पर्धा घ्यायची. २०१० ला विषय होता भविष्यातली दाटीवाटीची शहरं आणि छोटी घरं, आणि पहिला आला पीटर अल्विन, त्याच्या 'द स्नेल' साठी. स्नेल म्हणजे एक छोटं इंडक्शन, मगाच्या किंवा पातेल्याच्या बाजूला गोगलगायीसारखं चिकटणारं, आत काय आहे ते सेन्सरने ओळखून तेवढंच तापवणारं. चालणार कशावर, तर साखरेच्या स्फटिकांच्या बॅटरीवर. तशी बॅटरी दुकानात मिळत नव्हती, ती त्याने पुढच्या काळाकडून उसनी घेतली, आणि कन्सेप्टमध्ये तेवढी मुभा असते.

इथेही हिशोब करा, मी वर्गात फळ्यावर करून दाखवते. एक कप पाणी, २०० मिली, २५ अंशांवरून चहाला लागतं तेवढं, म्हणजे ९५ अंशांपर्यंत न्यायचं तर १६ वॉट-तास लागतात. फोनची अख्खी बॅटरी १९ च्या आसपास. म्हणजे एक कप चहाला जवळजवळ फोनचा पूर्ण चार्ज. पोरं हा आकडा बघून गप्प होतात, कारण चहा आपण रोज करतो पण पाणी तापवणं हे किती मोठं काम आहे हे गॅसमुळे आपल्याला कधी जाणवतच नाही. त्यात इंडक्शन म्हणजे भांडं चुंबक चिकटेल असं हवं, ॲल्युमिनियमच्या पातेल्याला ते चालणारच नाही.

तरी स्नेलने नेमकी जागा पकडली होती. एका मगासाठी अख्खा बर्नर का पेटवायचा? आज बॅटरीवाले मग मिळतात ना, ते पाणी उकळत नाहीत, ओतलेली कॉफी गरम ठेवतात फक्त, कारण बॅटरीला झेपण्यासारखं तेवढंच आहे. ते स्नेलवरूनच केले असं मी म्हणत नाही, पण प्रश्न तोच, उत्तर फक्त बॅटरीच्या ऐपतीत बसवलेलं.

रिठ्याचं मशीनही याच स्पर्धेतलं, २००७ चं विजेतं, ई-वॉश, हंगेरीच्या लेव्हेन्ते साबोचं. डिटर्जंटच्या जागी रिठे घालायचे. आपल्याकडे रेशमी साड्या, लोकरीचे कपडे, दागिने रिठ्याच्या पाण्यात धुतात हे कोणाला सांगायला नको. मशीन आलं नाही, पण रिठ्याचं लिक्विड आज दुकानात मिळतं, आणि कापडी पिशवीत चार रिठे घालून ती पिशवी आपल्या नेहमीच्या मशीनमध्ये टाकणारी घरं मला माहितीयत. कल्पना आली, डबा नाही आला.

आता डबा का येत नाही ते. रेंडर, म्हणजे वस्तूचं खरं वाटणारं चित्र, करायला कॉम्प्युटर आणि चार रात्री पुरतात. तीच वस्तू प्लास्टिकमध्ये काढायची तर मोल्ड, म्हणजे साचा, लागतो, स्टीलचा, आणि एकेका पार्टचा मोल्ड सहज काही लाखांत जातो. रेंडरमधल्या भिंती एकदम सरळ असतात, छान दिसतात. मोल्डमधून पार्ट बाहेर सुटायला भिंतीला थोडा उतार द्यावा लागतो, नाहीतर तो आत अडकतो नाहीतर ओरखडे घेऊन बाहेर येतो. भोसरीत टूलरूममध्ये, म्हणजे जिथे असे मोल्ड बनतात तिथे, मुलांना घेऊन गेले की तिथला कारागीर ड्रॉइंग हातात घेतो, अंगठा त्या भिंतीवरून फिरवतो आणि म्हणतो, मॅडम हा पीस सुटणार नाही. तो अंगठा हे माझ्या मते डिझाइनच्या शिक्षणातलं फार मोलाचं लेक्चर आहे. पार्ट जितके जास्त तितके मोल्ड, तितके स्क्रू, तितकी असेंब्ली, आणि उद्या बिघडलं तर उघडणार कोण, सुटा पार्ट कुठे मिळणार, हे सगळं चित्राच्या बाहेर राहतं.

आणि बाजारात येणं हाही काही शेवट नसतो, त्यासाठी गोदरेजच्या छोटूकूलचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. फ्रिज परवडत नाही आणि वीज सारखी जाते अशा घरांसाठी काढलेला फ्रिज. २००८ मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, सहाशेच्या वर बायकांना बोलावून त्यांच्याशी बोलून तो ठरवला. कॉम्प्रेसर काढूनच टाकला, त्याच्या जागी थर्मोइलेक्ट्रिक चिप, म्हणजे वीज दिली की एका बाजूने गार होणारी चकती, आणि पंखा. दार वरून, म्हणजे उघडलं तरी गार हवा खाली बसून राहते. क्षमता ४३ लिटर, वजन दहा किलोच्या आत, १२ व्होल्टवर चालणारा, नेहमीच्या फ्रिजमध्ये दोनशेच्या आसपास पार्ट तर यात वीसेक. किंमत तेव्हा सव्वातीन हजारांच्या घरात. याहून मनापासून केलेलं काम मला दुसरं सांगता येणार नाही. तरी खेड्यातल्या घरांत तो अपेक्षेइतका गेला नाही, आणि नंतर छोटी दुकानं, गाडी, शहरातल्या खोल्या अशा वेगळ्याच जागी त्याला गिऱ्हाईक सापडलं. कोणी याला फसलेलं म्हणतं, मी म्हणत नाही. वरून उघडणारं दार आणि वीस पार्ट या दोन गोष्टी मी आजही प्रत्येक बॅचला उलगडून दाखवते.

उलट वाटेने आलेली वस्तूही आहेच. सुमीतचा मिक्सर. सत्यप्रकाश माथुर हे इंजिनिअर, घरातला ब्राउन या जर्मन कंपनीचा मिक्सर बंद पडला, तो आपल्या वाटणासाठी बनलेलाच नव्हता, तर त्यांनी साठच्या दशकात आपल्या मसाल्यांना, भिजवलेल्या डाळीला झेपेल अशा मोटरचा मिक्सर काढला. इथे रेंडर नाही, स्पर्धा नाही, घरातली अडचण आणि जळणारी मोटर, आणि तो घराघरांत गेला.

म्हणून मी कन्सेप्ट बघताना आधी हे बघते की करणाऱ्याने कोणाचा तरी हात काम करताना पाहिलाय की नाही. स्नेलवाल्याने पाहिला होता. सॉकेटवाल्यांनी खिडकी पाहिली, हात थोडा कमी. नुसता आकार वळवून चकचकीत केलेल्या किटल्या आणि इस्त्र्या मला पाठवता ना, त्यात कोणाचाच हात नसतो, त्यांच्याबद्दल मला खरंच काही म्हणायचं नाही.

आणि हात बघायचा तर मिक्सरपाशी बघा. चटणी करताना डावा तळवा झाकणावर दाबलेला असतो, उजव्या हाताने नॉब उलटा फिरवून थांबत थांबत वाटायचं, मध्येच बंद करून चमच्याने कडेचं खाली ढकलायचं, परत झाकण, परत तळवा. झाकणाला लॉक असलेले जार आलेत, तरी हात तिथे जातोच. त्यात ओट्याची उंची गवंड्याने ठरवलेली, तिच्यावर मिक्सर, त्यावर जार, म्हणजे पाच फुटांच्या बाईच्या खांद्याशी झाकण येतं आणि तिथे वरून जोर द्यायचा म्हणजे टाचा उचलायच्या. मिक्सर ओट्यात अर्धा खाली उतरवता येईल का, मोटर खाली आणि जार कमरेशी, आणि मग ओटा धुताना पाणी आत जाऊ नये त्याचं काय, यावर तुमच्यापैकी कोणी, डिझायनर असा नसा, काही काढलं तर मला पाठवा. पेन्सिलने वहीच्या मागच्या पानावर असलं तरी चालेल, मी नक्की बघेन आणि सविस्तर उत्तर देईन.