जुनापाणीच्या वाटेवरची दोन डबकी

सप्टेंबरातला रविवार. तर्री पोहे हाणून सकाळी सातला काटोल रोडला लागलो: मी, अकरावीतली भाची आणि भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले आमचे सर. जुनापाणीला लोक शिळावर्तुळं, म्हणजे जुन्या काळच्या दफनांभोवती रचलेली दगडांची वर्तुळं, पाहायला जातात. आम्हाला त्याच्या अलीकडची डबकी पाहायची होती. घरी हे सांगितल्यावर आईनं फक्त कपाळाला हात लावला.

खूळ सरांचं. ते वर्गातही नागपूरच्या उन्हावरून सुरू होऊन वाळवंटात पोचायचे. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत १९९३ साली १८६ मीटर खोल भोक पाडून मीठ आणि चिखलाचा गाभा, म्हणजे थरांचा लांब उभा नमुना, काढला. त्यात जवळपास दोन लाख वर्षांचा हिशेब निघाला. आज तिथं मिठाचं कोरडं मैदान आहे, पण गाभ्यात ऑस्ट्राकॉडची कवचं सापडली. म्हणजे मधल्या काळात तिथं चांगलं तळं होतं. ऑस्ट्राकॉड म्हणजे झिंग्याच्याच गोतातला, पण दोन शिंपल्यांत मिटून बसणारा जीव, बहुतेक वेळा खसखशीच्या दाण्याएवढा. कात टाकली की नवं कवच तो भोवतालच्या पाण्यातूनच घडवतो. जीव मरतो, कवच गाळात राहतं. तोच जीव आम्हाला आपल्याकडच्या डबक्यात शोधायचा होता.

पहिलं डबकं रस्त्यालगतच, मोठं आणि नितळ. मी टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं, पेन बुडवलं, भाचीनं चहाची गाळणी फिरवली. अर्धा तास गेला. हाती शेवाळ आणि दोन बारक्या मासोळ्या. तेवढ्यात एक गुराखी येऊन उभा राहिला.

"काय पाहून राह्यले जी? मासोळ्या?"

सरांनी सांगितलं, मासे नाही, पाण्यातले किडे.

"मंग इथं काहून? इथं नाल्याचं पानी येते. थ्या पल्याडच्या डबक्यात पाहा. थे दिवाळी झाली का कोरडं ठन्न."

अख्ख्या दिवसात कामाचं वाक्य हेच. मासे असले की परी-झिंगे (फेअरी श्रिम्प, झिंग्याच्याच गोतातले) उरत नाहीत. उताणा पोहणारा परी-झिंगा दिसला, तर ते पाणी अधूनमधून आटतं असं बहुतेक वेळा धरावं; त्याची अंडी कोरड्या गाळात वर्षानुवर्षं तग धरतात. वाळवंटातल्या खळग्यांतही हाच हिशेब चालतो.

पल्याडचं डबकं गढूळ, गुरांच्या खुरांनी तुडवलेलं, फार तर दोन खाटांएवढं. गाळणीची जाळी मोठी पडत होती म्हणून भाचीची ओढणी घेतली. पांढऱ्या ताटलीत पाणी ओतलं आणि करड्या ठिपक्यांची पळापळ सुरू झाली: हेच ऑस्ट्राकॉड. भिंगाखाली मसुरीच्या डाळीसारखा आकार, फटीतून केसासारखे पाय बाहेर, पळताना झटके. काडी लावली की शिंपले मिटून खाली बसायचे. काही पाण्याच्या पापुद्र्यावर आडवे अडकले होते. बोटानं बुडवले तेव्हा कुठं सुटले. सोबत सायक्लॉप्स हे एकडोळे बारीक किडेही होते, अंड्यांच्या दोन पिशव्या ओढत. नारूचा जंत माणसात शिरायचा तो यांच्याच पोटातून. म्हणून पाणी कपड्यानं गाळायचं. भारतातला शेवटचा नारूचा रुग्ण १९९६ साली जोधपूर जिल्ह्यात, म्हणजे वाळवंटातच, नोंदला गेला.

टीडीएसचं पेन मी मिरवत नेलं होतं, त्यावर सरांनी पाणी फिरवलं. पेन क्षार किती ते सांगतं, कोणते ते नाही. अमेरिकेच्या कोरड्या भागातल्या तळ्यांत लिम्नोसिथेरे नावाच्या ऑस्ट्राकॉडच्या दोन जाती आहेत: सॅपाएन्सिस बायकार्बोनेट जास्त आणि कॅल्शियम कमी अशा पाण्यात, स्टॅप्लिनी याच्या उलट पाण्यात. जुन्या गाळात कोणाचं कवच आहे त्यावरून तेव्हाचं पाणी कसलं ते कळतं. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात सासर असलेल्या माझ्या बहिणीला 'खारं' आणि 'खारं' यांतला फरक जिभेवरच कळतो म्हणा.

परतताना सरांनी खिशातून गारगोटीचा तुकडा काढला, नागपुरातल्याच टाकळीचा, लाव्हाच्या दोन थरांमधल्या तळ्याचा. भिंगाखाली त्यावर तेच ठिपके, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी नागपुरातून जमवलेल्या अशा कवचांचं वर्णन इंग्रज जीवाश्मतज्ज्ञ रूपर्ट जोन्स यांनी १८६० मध्ये छापलं. आज टाकळीत घरं झालीत. खडक शोधत फिरू नका.

जाणाऱ्यांसाठी: आमच्यासारखं सप्टेंबरात जाऊ नका. परी-झिंगे आम्हाला एकही मिळाले नाहीत. त्यांचा खेळ डबकं भरल्यावर काही आठवड्यांत आटोपतो. पहिल्या दमदार पावसानंतर दहा-पंधरा दिवसांनी जा. मलमलचं फडकं, पांढरी ताटली आणि सोनाराकडं असतो तसा दहापट भिंग पुरे. पेन घरी ठेवा. चपला नकोत, काळी माती त्या ठेवून घेते. शिळावर्तुळांच्या आवारात काही खणू नका, उचलू नका, आणि पाहून झालं की पाणी त्याच डबक्यात ओता. नाल्याला पूर असेल तर ओलांडू नका. हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची अशीच वर्तुळं पाहून परतताना नाल्यात बुडाले.

पाऊस गाठता आला नाही, तर मे महिन्यात कोरड्या डबक्यातला मूठभर गाळ आणून बरणीत घाला आणि वर साठवलेलं पावसाचं पाणी ओता. नळाचं नको, त्यात क्लोरीन असतं. भाचीनं बरणी आतापासून धुऊन ठेवली आहे. लोणच्याची होती, आईला अजून कळलेलं नाही.