लाकूड सुकवण्याच्या पेटीचा नियंत्रक : नोंद तिसरी

लाकूड न तडकता सुकावे म्हणून पेटीतील हवा सांभाळणारा हा नियंत्रक आतापर्यंत टेबलावरच चालत होता; या महिन्यात तो प्रत्यक्ष पेटीवर चढला. पेटी आठ फूट लांब व चार फूट रुंद असून प्लायवूडच्या दुहेरी भिंतींत थर्माकोल भरलेला आहे, आणि आत गेल्या वादळात बांधावर आडव्या झालेल्या कडुनिंबाच्या एक इंची फळ्या मध्ये पट्ट्या देऊन रचलेल्या आहेत.

अशा पेट्यांचे बहुतेक प्रचलित आराखडे थंड प्रदेशातले असल्यामुळे त्यांत हीटर हा मुख्य घटक असतो. इथे, जळगाव जिल्ह्यातील चोपड्यात, एप्रिलच्या दुपारी तापमान ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा अशा हवेत ठेवलेले लाकूड शेवटी सुमारे तीन टक्के ओलाव्यापर्यंत कोरडे पडू पाहते. लाकडातील ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरला की ते आक्रसू लागते. पृष्ठभाग या टप्प्याला आधी पोहोचतो, गाभा मात्र ओलाच राहतो, आणि या ओढाताणीत फळी तडकते. म्हणून इथे नियंत्रकाचे खरे काम तापवण्याचे नसून ओल टिकवण्याचे आहे. उष्णता पत्र्याची शेड फुकट देते. हीटरच्या जागी मी ठिबकच्या दुकानात मिळणारा फॉगर, म्हणजे पाण्याचे बारीक धुके सोडणारा फवारा, बसवला; ओलसर हवा बाहेर सोडायला पेटीला एक झडप आहे.

आर्द्रतेसाठी सुरुवातीला डीएचटी२२ हा तयार आर्द्रता-सेन्सर वापरला होता, पण आत दव धरले की तो ९९.९ वर अडकून बसे. आता डीएस१८बी२० हे दोन तापमान-सेन्सर आहेत, एक कोरडा व एक ओल्या मलमलीत गुंडाळलेला, आणि दोघांच्या तापमानातील फरकावरून ईएसपी३२, म्हणजे नियंत्रकातला छोटा संगणक, आर्द्रता काढतो. कोरडा ४५ व ओला ४० अंश असेल, तर आर्द्रता सुमारे ७३ टक्के होते. प्रत्येक सेन्सरची चूक अर्धा अंशापर्यंत असू शकते. दोघे विरुद्ध दिशांना चुकले तर फरकात एक अंशाची खोट येते, म्हणजे आर्द्रतेत जवळपास पाच टक्क्यांची. म्हणून दोन्ही सेन्सर एकाच तांब्यातील कोमट पाण्यात बुडवून त्यांच्यातील ०.४ अंशाची तफावत प्रोग्रॅममध्ये वजा केली. हा अर्धा तास कोणी वाचवू नये.

एवढे करूनही नवव्या दिवशी चार फळ्यांची टोके उलली. स्क्रीनवर आर्द्रता ८९ टक्के दिसत होती, त्यामुळे नियंत्रक इमानेइतबारे झडप उघडी आणि फॉगर बंद ठेवत होता. शेजारच्या सुतारकाकांनी टोकावरून नख फिरवले आणि म्हणाले, "भाऊ, तुन्हं मशीन खोटं बोली ऱ्हायनं." मलमल काढून पाहिली तर ती बोअरच्या पाण्यातील क्षारांनी पांढरी व कडक झाली होती, पाणी वर चढतच नव्हते, आणि ओला म्हणवणारा सेन्सर जवळजवळ कोरडाच होता. चूक सर्वस्वी माझी होती. आता वाटीत बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी असते, मलमल दर आठवड्याला बदलतो आणि फळ्यांच्या टोकांना ऑइल पेंटचे दोन हात दिले आहेत. शिवाय फॉगर पाच मिनिटे चालूनही ओल्या सेन्सरचा आकडा हलला नाही, तर बझर वाजेल आणि झडप बंद होईल, अशी अट प्रोग्रॅममध्ये घातली आहे.

फॉगरचे पाणी सोडणारा विजेवरचा (सोलेनॉइड) व्हॉल्व्ह बंद होताना ईएसपी३२ रीसेट होत असे. कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर, म्हणजे विजेचा झटका शोषणारी जोडणी, लावल्यावर ते थांबले. लोडशेडिंगचा विचार मात्र आधीच केला होता: सुकवणीचा टप्पा फ्लॅश मेमरीत राहतो, वेळ डीएस३२३१ ही घड्याळाची चिप सांभाळते, आणि वीज गेली की झडप स्प्रिंगने आपोआप मिटते.

नमुन्याच्या फळीचे वजन रोज सकाळी काट्यावर करतो. काल तिचा ओलावा २४ टक्के निघाला, म्हणून आतली हवा आणखी कोरडी व्हावी यासाठी ओल्या सेन्सरची मर्यादा ४० वरून ३८ अंशांवर आणली आहे. पंख्याची दिशा दर सहा तासांनी उलटवणारा रिले अजून जोडायचा आहे. तोवर पंख्याकडच्या फळ्या पलीकडच्या फळ्यांपेक्षा लवकर सुकत आहेत.