ग्रेड 4 आणि ग्रेड 5 यांच्यामधला हात

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि फिजिओथेरपीचे आमचे वर्ग झूमवर गेले. शरीररचना, आजारांची कारणे, व्यायामामागची तत्त्वे हे सारे तिथे बऱ्यापैकी शिकवता आले. अडचण आली ती हाताने करायच्या तपासणीत.

स्नायूंची ताकद आम्ही 0 ते 5 अशा श्रेणींत मोजतो. रुग्णाने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हात पूर्ण उचलला की ग्रेड 3, आणि हे कॅमेऱ्यातूनही दिसते. पण 4 आणि 5 मधला फरक तपासणाऱ्याने दिलेल्या विरोधात असतो. तो विरोध किती द्यायचा, समोरचा हात कधी ढळू लागतो, हे आपल्या तळहातालाच कळते आणि पडद्यावर दोन्ही तपासण्या अगदी सारख्या दिसतात. घरी सरावाला मिळत ती भावंडे, म्हणजे धडधाकट माणसे. गुडघ्यातले लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा, फाटले आहे का हे पाहणाऱ्या लॅकमन टेस्टमध्ये गुडघा 20 ते 30 अंश वाकवून नडगीचे हाड पुढे ओढतात, परंतु लिगामेंट फाटलेला गुडघा कसा सरकतो हे निरोगी गुडघ्यावर कोणाला उमगणार? पक्षाघातानंतर स्नायूंत येणाऱ्या ताठरपणाचेही तसेच. हालचालीचा वेग वाढवला की तो वाढतो, हे वाक्य पाठ होते, पण त्याची जाणीव हाताला झालेली नसते.

महाविद्यालये उघडल्यावर ओपीडीत आलेल्या विद्यार्थ्यांना तपासणीच्या पायऱ्या तोंडपाठ होत्या, तरी रुग्णाला हात लावताना त्यांची नजर शिक्षकांकडे वळे. मला मात्र अधिक काळजी वाटली ती चित्रफिती पुन्हापुन्हा पाहून 'हे येते' असे ठामपणे मानणाऱ्या मोजक्या मुलांची, कारण बिचकणारी मुले निदान विचारत तरी होती. तेव्हाच्या साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमात शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे असत, आणि मागे पडलेला सारा सराव त्यात भरून निघावा ही अपेक्षा मला अवास्तव वाटते.

एक गोष्ट मान्य करायला हवी: स्पर्शाची सोय नसल्याने या मुलांना रुग्णाशी नेमके बोलावे लागले, त्यामुळे व्यायाम समजावून सांगताना ती सहसा अडखळत नाहीत. म्हणून चित्रफिती मी बंद केलेल्या नाहीत. त्या प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी पाहून यायच्या, आणि तासाचा पूर्ण वेळ विद्यार्थ्याच्या हातावर माझा हात ठेवून जोर किती लावायचा हे दाखवण्यात घालवायचा, असे आता ठरवले आहे.