लोअर परळ ते लालबाग : जेवणाच्या सुट्टीत गिरणगावाची फेरी

लोअर परळमध्ये नोकरी करणाऱ्या बहुतेकांचं लोअर परळ स्टेशन, ऑफिस आणि फिनिक्स मॉल इथेच संपतं. एखाद्या दुपारी डबा लवकर उरकून पूर्वेकडे चालायला लागा. गणपतराव कदम मार्ग, डिलाईल पूल, ना. म. जोशी मार्ग, करी रोड स्टेशन आणि शेवटी भारतमाता. रमतगमत एका बाजूला अर्धा-पाऊण तास जातो. सुट्टी तासाभराचीच असेल तर करी रोडवरून मागे फिरा.

निघण्याआधी फिनिक्सच्या आवारातली जुन्या कापड गिरणीची चिमणी जरूर बघा. तिच्या पायाशी आता दुकानं आहेत. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात उतरले होते. तो संप रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही. 1991 च्या शहर विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: मोकळ्या जागांसाठी महापालिकेला एक, घरांसाठी म्हाडाला एक, मालकाला एक. 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटणीला फक्त आधीपासून मोकळी असलेली जमीन उरली. सर्वोच्च न्यायालयानेही 2006 मध्ये हा बदल उचलून धरला. त्यामुळे दुपारी चार घटका टेकायला बाग शोधाल, तर बहुतेक ठिकाणी गेट आणि ओळखपत्र मागणारा सुरक्षारक्षकच भेटेल. कायापालट झाला म्हणतात, तो चालणाऱ्यासाठी नक्कीच झालेला नाही.

डिलाईल पूल 2018 मध्ये बंद झाला तो पूर्ण खुला व्हायला 2023 उजाडलं. पलीकडे उतरलात की गाव बदलतं. बीडीडी चाळी लागतात, 160 चौरस फुटांच्या खोल्यांच्या, 1920 च्या दशकातल्या. त्यांचा पुनर्विकास चालू असल्यामुळे बांधकामाच्या ट्रकांकडे लक्ष ठेवून चाला. रस्त्याला ज्यांचं नाव आहे, त्या नारायण मल्हार जोशींनी 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग ही समाजसेवी संस्था काढली होती. बोलताना मात्र अजून सगळे डिलाईल रोडच म्हणतात. पत्ता विचारताना तुम्हीही तेच म्हणा.

करी रोड ओलांडून भारतमाता थिएटरपाशी पोचलात की लालबाग. मराठी सिनेमाचं हे हक्काचं घर. हाताशी वेळ असेल तर चिवडा गल्ली आणि मसाल्याची दुकानं सोडू नका. मार्च ते मे हा वर्षाचा मसाला करून घेण्याचा हंगाम. बाया मिरच्या निवडून घेतात, भाजून घेतात आणि डंकावर कुटून होईपर्यंत तिथून हलत नाहीत. रुमाल हातातच ठेवा, ठसका लागतोच. आणि मसाला पिशवीत दुहेरी बांधून घ्या, नाहीतर संध्याकाळच्या मीटिंगला सगळ्यांना कळेल तुम्ही कुठे होतात.

गणपतीच्या दिवसांत ही फेरी विसरा. राजाच्या रांगांमुळे तासाभरात परतणं अशक्य. भर पावसातही नको. आणि पाय दुखले म्हणून करी रोडवरून एका स्टेशनात लोअर परळला येऊ, असा बेत करू नका. करी रोड मध्य रेल्वेवर, लोअर परळ पश्चिमवर. चालतच या, किंवा सरळ टॅक्सी करा.